आर्क फॉल्टवाला ब्रेकर घ्यायचा का? आधी स्क्रू आवळा, मग बघू

श्रावणातला सोमवार, घरात शिवराक (म्हणजे बिनमासळीचं जेवण), आणि न्हाणीच्या बाजूने सुक्या बांगड्यासारखा वास. आईने आधी मांजरावर संशय घेतला, मग शेजारच्या वहिनीवर. दोन दिवसांनी गिझरचा प्लग काढायला गेलो तर हाताला चटका, मेन बंद करून सॉकेट उघडलं तर मागून करपून तपकिरी झालेलं आणि न्यूट्रलचा स्क्रू चांगला अर्धा फेरा सैल. स्विचबोर्डचं प्लास्टिक तापलं की कधीकधी असा मासळीचा वास येतो. आता गोव्यात मासळीचा वास आला म्हणून कोण उठून बोर्ड बघणार, सोमवार नसता तर आम्हीपण जेवायची वाट बघत बसलो असतो.

यात एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) पडली नाही, म्हणजे ट्रिप झाली नाही, आरसीसीबीपण (करंटची गळती पकडणारा स्विच) नाही, आणि दोघींचीही चूक नाही. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो, १६ ची एमसीबी त्याला काय म्हणणार? आरसीसीबी फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत येतो की नाही एवढंच बघते, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर पडते, इथे सगळा करंट इमानदारीत परत येत होता. पण सैल स्क्रूवर समजा फक्त २ व्होल्ट पडले तरी १७ वॉटची उष्णता झाली, तीही टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत. सोल्डरिंगची सळई २५ वॉटची असते, म्हणजे समजा.

आर्क फॉल्टवाला ब्रेकर (आपल्याकडे कॅटलॉगमध्ये एएफडीडी नावाने मिळतो) या दोघींना न दिसणारी गोष्ट बघायला बनवलाय. वायर आत तुटून ठिणगी उडत असेल, उंदराने इन्सुलेशन कुरतडलं असेल, पलंगाच्या पायाखाली एक्स्टेंशन चेपली असेल, तर करंटमध्ये एक वेगळाच थरथराट येतो, तो आतलं इलेक्ट्रॉनिक्स ओळखतं आणि लाइन तोडतं. पण दुकानदार सांगणार नाही ते सांगतो, माझ्या गिझरसारखा जोड ठिणगी न पाडता नुसता तापत असेल तर याला बहुतेक वेळा काहीच कळत नाही. ठिणगी सुरू झाली की कळतं, तोवर सॉकेट करपलेलं असतं.

मग कंपल्सरी करावा का? अमेरिकेत १९९९ च्या वायरिंगच्या कोडमध्ये बेडरूमसाठी आला, २००२ पासून लागू झाला, नंतर हळूहळू बाकीच्या खोल्या, २०१४ ला स्वयंपाकघरसुद्धा. पण तिकडची घरं लाकडी सांगाड्याची आणि सप्लाय १२० व्होल्टचा. ब्रिटनने २०२२ मध्ये सगळ्यांवर लादला नाही, उंच रहिवासी इमारती, विद्यार्थ्यांची वसतिगृहं, वृद्धांची केअर होम्स अशा ठिकाणी सॉकेटच्या लाइनला सक्तीचा केला आणि बाकीच्यांना नुसती शिफारस. मला हे जास्त पटतं. आपल्या चिऱ्याच्या भिंती पेट घेत नाहीत, आणि अजून कितीतरी जुन्या घरांत आरसीसीबी नाही, अर्थिंगची वायर आहे पण ती कुठे जाते ते घरमालकालाही माहीत नाही. अशात एमसीबीच्या कितीतरी पट महाग वस्तू सक्तीची केली तर लोक कागदावर लावतील आणि भिंतीत नाही. लाकडी माळा, कौलाखाली जुनी बॅटनवरची (लाकडी पट्टीवरची) वायरिंग, किंवा होमस्टे जिथे अनोळखी माणसं झोपतात, तिथे मात्र मी सक्ती करा म्हणेन.

आता घरात काय करायचं ते. पावसाळा संपला की, म्हणजे चवथीच्या गडबडीनंतर, एक दुपार काढा. गिझर, इस्त्री, पंप अर्धा तास चालवून प्लग आणि बोर्डला हाताची पालथी बाजू लावा. कोमट चालेल, चटका नाही. मग आधी चालू लाइनवर टेस्टर चालतोय ते बघा, मेन बंद करा, मग बंद लाइनवर टेस्टर लावून बघा, तेव्हाच बोर्ड उघडा, आणि हात थरथरत असेल तर वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा नाही. प्रत्येक स्क्रू आवळा, वायर ओढून बघा. समुद्राकडच्या घरांत तांब्यावर हिरवट थर दिसेल, तेवढा तुकडा कापून नवीन टोक सोला, मल्टिस्ट्रँड (बारीक तारांची) असेल तर टोकाला लग नाहीतर फेरूल (धातूची टोपी) लावून घ्या. मुंग्यांचं वारूळ आणि वाळलेली पाल निघेल ती बोनस. डीबीतला (एमसीबी बसवलेल्या पेटीतला) न्यूट्रल लिंक, म्हणजे सगळे न्यूट्रल जोडलेली पट्टी, विसरू नका, सगळे फेजच आवळतात.

चवथीच्या दिव्यांच्या झालरीला प्लग नसतो म्हणून दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसून काडीपेटीच्या काड्या ठोकणारे महाभाग प्रत्येक वाड्यावर आहेत, आमच्याकडे तो माझा काका. वीस-तीस रुपयांचा प्लग येतो हो.

एवढं झालं, आरसीसीबी बसली, तिचं टेस्टचं बटण दाबलं की पडते हे महिन्यातून एकदा बघताय, मग एएफडीडी घ्या. आयईसी ६२६०६ (एएफडीडीचं आंतरराष्ट्रीय मानक) छापलेला बघून घ्या. अमेरिकेतून भाच्याने आणून दिला तर ठेवून द्या, तो १२० व्होल्टचा. सगळ्या घराला एक लावू नका, झोपायच्या खोल्यांच्या सॉकेटची लाइन आणि माळ्याची लाइन एवढ्याला पुरे. त्या लाइनचा फेज आणि त्याच लाइनचा न्यूट्रल दोन्ही त्यातून गेले पाहिजेत, आणि इथेच गोची होते, कारण इन्व्हर्टर लावताना बऱ्याच वायरमननी न्यूट्रल सगळीकडे एकत्र केलेला असतो, तो आधी वेगळा करावा लागतो, खरा खर्च तिथे आहे. फ्रिज यावर घेऊ नका. चार दिवस बाहेरगावी गेलात आणि उगाच पडला तर फ्रिजमधला इसवण (सुरमई) कुजलेला सापडेल.

पडला तर लगेच वर करून मोकळे होऊ नका. त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा, मग वर करा. तरी पडला तर दोष भिंतीत, वायरमनला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) घेऊन बोलवा. टिकला तर एकेक प्लग लावत जा. बऱ्याचदा गुन्हेगार घासलेल्या कार्बनचा (मोटरमधल्या कार्बन ब्रशचा) जुना मिक्सर नाहीतर ड्रिल निघतं, ते दुसऱ्या लाइनवर चालवून बघा, आणि मिक्सरचे कार्बन बदलून घ्या.