टॉर्टोलाला येणाऱ्या नागपूरच्या पोट्टे-पोट्ट्यांनो

जूनची बॅच तुमच्यासाठी बरी. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, तोवर इथलं शिडाचं आणि डायव्हिंगचं शिबिर बरंचसं होऊन जातं. टॉर्टोला हे कॅरिबियन समुद्रातल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांपैकी एक. मी या बेटांवर बरीच वर्षं बोटी चालवून राहिलो, आणि आपल्याकडची मुलं पहिल्या चार-पाच दिवसांत कुठं अडतात ते ओळखीचं झालं आहे. पोहण्यात अडत नाहीत. बोलण्यात अडतात. पाहुण्याच्या घरी 'नको काकू, झालं माझं' म्हणायची जी सवय आहे, ती विमानतळावरच सोडून या.

सुरुवात नागपुरातच होते. आरोग्याच्या फॉर्ममध्ये दमा, फिट, कानाचं ऑपरेशन असं सगळं विचारतात. त्यातल्या एखाद्या उत्तराला 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागू शकते. पोराला नाही म्हणतील या भीतीनं काही आया लहानपणचा दमा लपवतात. असं करू नका. धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांना काय तोटा? निघण्याआधीच दाखवून घ्या. डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सला 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं येतं. पोहण्याच्या टँकवर वेगाचा सराव केलेली पोरं 200 मीटर सहज मारतात आणि नुसतं तरंगायला सांगितलं की हातपाय झाडतात. तेवढं घरून शिकून या.

पहिल्या दिवशी कोणी तुम्हाला समुद्राच्या तळाशी नेणार नाही. बोट दाखवतील, लाइफ जॅकेट मापाचं करून देतील, कामं वाटतील. स्वयंपाक, भांडी, दोर आवरणं, सगळं पाळीपाळीनं. घरी ताट न उचलणाऱ्यांची इथं चांगलीच जिरते. गोडं पाणी टाकीपुरतंच, म्हणून अंघोळ मागच्या पायरीवर समुद्राच्या पाण्यानं आणि शेवटी गोड्या पाण्याचा एक शिडकावा. संडास हातपंपाचा असेल तर तो कसा चालवायचा ते नीट विचारून घ्या; तुंबला तर सगळ्या बोटीला कळतं, बाप्पा. शाकाहारी असाल तर पहिल्याच जेवणाआधी सांगा.

बोट लागणं ही लाजायची गोष्ट नाही. सर फ्रान्सिस ड्रेक चॅनल या इथल्या समुद्रपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बेटं असल्यामुळं लाटा फार उठत नाहीत, तरी पोट ढवळतंच. मळमळलं की खाली केबिनमध्ये जाऊन झोपू नका, त्यानं वाढतं. वर उघड्यावर बसा, क्षितिजाकडं बघा, शेजारच्याला सांगा. उलटी आलीच तर वारा ज्या बाजूला वाहून राहिला त्या बाजूच्या कठड्याशी जा. उलट बाजूला गेलेला एकदाच जातो.

उन्हाचा तोरा नको. 45 अंशांत सायकल हाणणारी पोरं इथल्या 30-31 ला हसतात. पण पूर्वेकडून सतत वारा असतो, त्यामुळं चटका जाणवत नाही, आणि पाण्यावरून परतलेलं ऊन खालूनही भाजतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला.

आता कान. पाण्यात 10 मीटर खाली गेलात की दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, म्हणजे सगळ्यात मोठा फरक सुरुवातीलाच पडतो. नाक चिमटून, तोंड मिटून नाकातूनच हळूच फुंकर मारायची, दुखायच्या आधी आणि दर मीटरभराला. दुखलं तर थांबा, कानाकडं बोट दाखवा, थोडं वर या. बाकीचे खाली जाऊन राहिले म्हणून दात आवळून मागं जाऊ नका. पडदा फाटला तर उरलेलं शिबिर डेकवर बसून काढावं लागेल. श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही. आणि पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. मजा आली म्हणून अंगठा दाखवलात तर अख्खी टोळी वर निघेल. ठीक आहे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करा.

सॉल्ट आयलंडजवळ 1867 च्या वादळात बुडालेलं 'ऱ्होन' हे टपालाचं जहाज आहे, त्याची घाई सगळ्यांनाच असते. त्याचा मागचा भाग उथळ, पुढचा खोल. नवशिक्यांची मर्यादा 18 मीटर, आणि कोणता भाग दाखवायचा ते प्रशिक्षक ठरवतात. त्यात घासाघीस चालत नाही.

आईबाबांसाठी दोनच गोष्टी. इथलं घड्याळ तुमच्यापेक्षा साडेनऊ तास मागं आहे. इथं रात्रीचे आठ म्हणजे तिथं पहाटेचे साडेपाच, आणि पुष्कळ ठिकाणी फोन दिवसभर जमा करून घेतात. एखादा दिवस फोन आला नाही तर शिबिराच्या ऑफिसला धडाधड फोन लावू नका. दुसरी गोष्ट परतीच्या तिकिटाची: बरेच डाइव्ह झाल्यावर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं, म्हणून शेवटचा डाइव्ह कधी आहे ते विचारूनच तिकीट काढा.