दाफा रेकॉर्ड करायला भक्तपूरला जायचंय? माझा अनुभव

साउंडचं शिकणारे बरेच जण हल्ली विचारतात की बाहेरच्या देशात जाऊन तिथल्या भजनवाल्यांबरोबर रेकॉर्डिंग करायचंय, सुरुवात कुठून करू. मी नेपाळपासून केली, कारण साधं आहे, आपल्याला व्हिसा लागत नाही (विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मात्र हवंच), आपले 100 म्हणजे तिकडचे 160 हा दर ठरलेला, आणि हिंदीवर बऱ्यापैकी निभतं. भक्तपूर काठमांडूपासून तेराएक किलोमीटर.

तिथे नेवार लोकांचं, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या जुन्या रहिवाशांचं, दाफा म्हणून भजनासारखं गायन आहे. देवळाजवळच्या फल्च्यात, म्हणजे उघड्या पडवीत, माणसं समोरासमोर दोन रांगा करून बसतात, आपल्या दिंडीसारख्याच पण बसलेल्या, एका रांगेने म्हणायचं की दुसरीने उचलायचं. सोबत लालाखिं हा दोन तोंडांचा ढोल, जाड झांजा, त्यांना ता म्हणतात, आणि मधूनच पोंगा, लांबलचक सरळ तुताऱ्या, त्या जोडीने वाजतात. पदं संस्कृत, नेवारी, मैथिली, सगळं मिसळलेलं, आणि बरीचशी तिथल्या जुन्या मल्ल राजांच्या नावावर, म्हणजे त्यांचं राज्य 1769 मध्ये संपलं त्याच्या आधीची.

आता माझी घोडचूक. पहिल्याच संध्याकाळी मस्त रंगात आलं होतं आणि गल्लीतून एक मोटरसायकल गेली, मी आपला हात वर करून म्हटलं, दाइ (म्हणजे दादा), एकदा परत घेऊया का. कोणी चिडलं नाही, चिडले असते तर बरं झालं असतं. ते पद त्यांनी पूर्ण केलं, गुरुजूंनी झांजा शांतपणे कापडात गुंडाळल्या आणि सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबरच्या मुलाने समजावलं की सुरुवातीला ढोलावर जे वाजतं ना, ज्याला मी वॉर्मअप समजून रेकॉर्डरही चालू केला नव्हता, ते नासःद्यःला, म्हणजे संगीताच्या देवाला, बोलावणं असतं. आता बोलावून आणलेल्या देवाला जरा थांबा, परत या, असं सांगायचं कसं! हा देव सरळ रेषेतच जातो म्हणे, म्हणून त्याच्या वाटेत घर आलं तर भिंतीत भोक ठेवतात. त्या मुलाने मला दाखवलं, विटांच्या भिंतीत हात जाईल एवढं भोक, आरपार, आणि पलीकडे कोणाचे तरी वाळत घातलेले कपडे.

तेव्हापासून रीटेक हा शब्द मी विसरलो. त्याऐवजी दिवस जास्त ठेवतो. पाच दिवस हाताशी असतील तर पहिल्या दोन संध्याकाळी माइकशिवाय नुसतं जाऊन बसायचं, कोण कुठे बसतं, पोंगावाले कुठून येतात, कुत्री कधी भुंकतात ते बघायचं. सण कधी आहे तेही आधी विचारा, कारण काही ठिकाणी रोज गातात तर काही ठिकाणी ठरलेल्या दिवशीच.

माइकचं फार डोकं लावू नका. दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या जागेच्या एका टोकाला एक स्टीरिओ जोडी, ओआरटीएफ नावाच्या मांडणीत (दोन माइकमध्ये 17 सेंमी, कोन 110 अंश), म्हणजे एक रांग डावीकडे, दुसरी उजवीकडे आपोआप येते आणि सवालजवाब ऐकायला मजा येते. ढोलाला वाटलं तर एक वेगळा. पोंगा वाजला की लेव्हल कुठल्या कुठे जाते, 32 बिट फ्लोट रेकॉर्डर (ज्यात फार मोठा आवाजही नंतर खाली आणता येतो) असेल तर तिथे वाचाल, पण माइकच ओव्हरलोड झाला तर तो फ्लोटही काही करू शकत नाही, म्हणून तुताऱ्यांपासून लांब राहा. आणि रेकॉर्डरचं घड्याळ! नेपाळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे आहे, माझ्या फायली आणि मित्राच्या व्हिडिओच्या फायली जुळेनात म्हणून आम्ही एक अख्खी रात्र घालवली.

जाताना लिथियम बॅटऱ्या हँडबॅगेतच (100 वॉट-अवरच्या वरच्या असतील तर एअरलाइनला आधी विचारा), आणि सामान महाग असेल तर निघतानाच आपल्या कस्टम्सकडून सीरियल नंबर टाकून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परत येताना हे तुम्ही तिकडे विकत घेतलं नाही हे सिद्ध करत बसाल.

पैशांचं जरा नाजूक असतं. असे गट बऱ्याचदा गुठीवर चालतात, म्हणजे सामायिक विश्वस्त व्यवस्था, पूर्वजांनी जमिनी लावून दिलेली. 2019 मध्ये गुठ्या सरकारी नियंत्रणाखाली आणणाऱ्या विधेयकावरून काठमांडूत मोठी निदर्शनं झाली आणि सरकारने ते मागे घेतलं, त्यामुळे बाहेरचा कोणी कागद घेऊन आला की लोक आधी दोनदा बघतात, आणि बरोबरच आहे. एकट्या गायकाच्या हातात पैसे कोंबू नका, सगळ्यांसमोर गटाला द्या. संमतीचा कागद त्यांच्या भाषेत करा, हे कुठे वाजणार, विकणार की नाही, ते स्पष्ट लिहा. पदं शेकडो वर्षं जुनी असली तरी गाणारा गळा त्यांचा आहे.

कॉपी देताना पेन ड्राइव्ह नको, मोबाइलवर चालेल अशी एमपी थ्री द्या. मी शेवटच्या दिवशी दिली तेव्हा सगळे एकाच फोनभोवती जमले, कौतुकाचा एक शब्द नाही, अर्धा मिनिट ऐकलं आणि समोरच्या रांगेतले आजोबा पलीकडच्याला सांगायला लागले की बघ, इथे तू ताल सोडलास.