भर मे महिन्यात, साध्या फ्रीजमध्ये फ्रोझन योगर्ट: खडा न होऊ देता

फ्रोझन योगर्टच्या नावाखाली घरोघरी जे तयार होतं, त्यातल्या निम्म्या डब्यांत आंबट बर्फ असतो. चमचा आत जात नाही, सुरीनं टोचावं लागतं, आणि तोंडात आधी करकर वाजतं, चव नंतर येते. मग दोष फ्रीजला. फ्रीजचा दोष असतो, पण थोडाच. बाकीचा दह्यातल्या पाण्याचा आणि चुकीच्या सल्ल्यांचा.

दह्यात आठ-नऊ दशांश पाणीच असतं. ते हळूहळू गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि जिभेला खरखरीत लागतात. पटकन गोठलं आणि गोठताना हलत राहिलं, तर कण इतके बारीक राहतात की जिभेला कळतच नाहीत. दुकानातलं यंत्र थंड करता करता घुसळत असतं, ते याचसाठी. आपल्याकडे यंत्र नाही, म्हणून तीन गोष्टी हाती घ्यायच्या: पाणी कमी करायचं, साखर पुरेशी घालायची, आणि गोठण्याच्या मधल्या टप्प्यावर माल फोडायचा. पहिल्या दोन सोप्या. तिसरीत सगळे अडकतात, म्हणून तिथे मी जास्त वेळ घेणार आहे.

साहित्य एवढंच: म्हशीचं सायीसकट दूध १ लिटर, दूध पावडर ३ मोठे चमचे, विरजण, पिठीसाखर १३० ग्रॅम, मध किंवा लिक्विड ग्लुकोज २ मोठे चमचे, मीठ चिमूटभर. पिकलेली केळी घालणार असाल तर दोन केळी आणि साखर १०० ग्रॅम.

दूध म्हशीचंच घ्या. स्निग्धांश साडेसहा-सात टक्के असतो, गाईच्या दुधात साडेतीन-चार, आणि मलईदारपणा तिथूनच येतो. ‘फॅट नको’ म्हणून टोण्ड दुधाचं करायचं असेल तर सरळ लिंबू सरबत करा. दुधाला उकळी आली की पावडर मिसळा आणि दहा-पंधरा मिनिटं मंद आचेवर ढवळत ठेवा, साय वर धरू देऊ नका. असं तापवलेल्या दुधाचं दही घट्ट लागतं आणि पाणी कमी सोडतं.

भुसावळ, जळगाव, धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की दूध आपलं आपण कोमट व्हायची वाट पाहण्यात अर्थ नाही. पातेलं पाण्याच्या परातीत ठेवा आणि बोट सहन होईल इतकं उतरवा. विरजण फक्त एक लहान चमचा. गुंडाळायचं नाही, उबेला ठेवायचं नाही, ओटाच ऊब देतो. चार-पाच तासांत दही लागलं की लगेच फ्रीजमध्ये. रात्री लावून सकाळी उठून पाहिलं तर ‘आंबट शे’ (आंबट आहे) म्हणत कढीच करावी लागेल.

आता गाळणं. सुती पंचा चाळणीत घाला, चाळणी पातेल्यावर ठेवा, दही ओता आणि हे सगळं फ्रीजमध्ये ठेवा. श्रीखंडासाठी नळाला पुरचुंडी टांगायची सवय असते, ती उन्हाळ्यात सोडा, कारण तीन-चार तासांत दही आंबून जातं. खालच्या पातेल्यात ३५० ते ४०० मिली पाणी साचलं की थांबा. वर साधारण ६०० ग्रॅम दही उरतं, चमच्यावर चढून बसेल इतकं. चक्क्याइतकं कोरडं करू नका. फार घट्ट चक्का गोठला की जिभेवर पिठूळ, चुन्यासारखा लागतो. पाणी टाकून देऊ नका, फुनक्यांच्या (वाफवलेल्या डाळीच्या मुटक्यांच्या) कढीत जाऊ द्या.

साखरेबद्दल एकदाच सांगते. ती फक्त गोडीसाठी नसते. साखर विरघळलेलं पाणी शून्यापेक्षा खाली गोठतं आणि त्यातलं थोडं पाणी फ्रीझरमध्येही द्रव राहतं. म्हणूनच चमचा आत जातो. साखर निम्मी केलीत तर दगड होणार, याला इलाज नाही. मध किंवा लिक्विड ग्लुकोज त्यात भर घालतात आणि साखरेचे दाणे पुन्हा धरू देत नाहीत. लिक्विड ग्लुकोज केकचं सामान मिळतं त्या दुकानात असतं. मिश्रण चाखाल तेव्हा ते जरा जास्तच गोड वाटायला हवं, कारण थंड झाल्यावर जिभेला गोडी कमी लागते. घरात कुणाला साखर चालत नसेल तर त्यांना गार ताक द्या, हा पदार्थ त्यांच्यासाठी मोडू नका. पिठीसाखर, मध, मीठ दह्यात हातानं किंवा रवीनं हलकेच मिसळा, वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि एकदा परत ढवळा.

इथे मिक्सर लावायचा नाही. सायीचं दही पंधरा-वीस अंशांना आलं आणि त्यात पातं फिरलं की लोणी सुटायला लागतं. बारीक पिवळसर कण दिसतात, ते नंतर विरघळत नाहीत आणि गोठल्यावर मेणासारखे टाळूला चिकटतात. मिक्सरची वेळ पुढे येणार आहे, आणि तेव्हा माल अर्धा गोठलेला असेल.

आता ती अवघड पायरी

इंटरनेटवर एक सल्ला सगळीकडे दिसतो: डबा फ्रीझरमध्ये ठेवा आणि दर अर्ध्या तासानं काट्याच्या चमच्यानं ढवळा. हा सल्ला थंड देशातला आहे, किंवा ज्यांनी कधी करून पाहिलं नाही त्यांचा. ४४ अंशांच्या स्वयंपाकघरात दर अर्ध्या तासानं फ्रीझरचं दार उघडलं की आतली सगळी थंडी बाहेर येते, माल अर्धवट वितळतो आणि पुन्हा हळूहळू गोठतो. म्हणजे जे टाळायचं तेच आपण स्वतःच्या हातानं घडवून आणतो. त्यात खोल प्लॅस्टिकचा डबा असेल तर बघायलाच नको. कडा कडक, मध्ये पाणी, आणि ढवळताना कडेचा बर्फ आतल्या दह्यात तुकड्या-तुकड्यांनी मिसळतो.

मी करते ते असं. आदल्या रात्री फ्रीझरचं बटण सगळ्यात थंडवर ठेवायचं. एका दाराच्या फ्रीजमध्ये वर बर्फाचा थर जमला असेल तर तो आधी काढून टाका, तो थरच थंडी अडवतो. स्टीलची मोठी परात किंवा काठाचं ताट आणि मिक्सरचं मधलं भांडं रात्रीच फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी, ऊन वर यायच्या आत, मिश्रण ताटात ओता. थर दोन सेंटीमीटरच्या वर नको. धातूचं भांडं आणि पातळ थर, यामुळे गोठण्याचा वेग वाढतो. स्टील थंडी लगेच देतं, प्लॅस्टिक ती अडवून धरतं. वरून दुसरं ताट पालथं झाका, नाहीतर सकाळी कापलेल्या कांद्याचा वास दह्यात उतरेल. हे पक्कं होतं, दही वास फार लवकर धरतं.

मग दार बंद. दीड-दोन तास हात लावायचा नाही. घड्याळापेक्षा खूण महत्त्वाची, कारण प्रत्येक फ्रीझरचा स्वभाव वेगळा. काठापासून दोन बोटं भाग कडक झालेला असतो आणि मध्यभाग अजून मऊ असतो, चमचा रोवला तर उभा राहतो पण ओढला तर वाट तयार होते. हीच वेळ. याच्या आधी काढाल तर मिक्सरमध्ये सगळं पातळ होईल. नंतर काढाल तर पातं अडकेल. वेळ चुकून सगळं घट्ट झालंच तर सुरीनं वड्या पाडा आणि पाच मिनिटं बाहेर ठेवा, काही बिघडत नाही.

कडेचा भाग उलथण्यानं सोडवा, तुकडे करा आणि थंड मिक्सरच्या भांड्यात अर्ध्यापर्यंतच भरा. भांडं गच्च भरलंत तर तळाचं वितळून जातं आणि वरचे खडे तसेच राहतात. दहा सेकंद फिरवा, थांबा, उलथण्यानं वरखाली करा, पुन्हा दहा सेकंद. अशा तीन-चार फेऱ्यांत काम होतं. सलग अर्धा मिनिट चालवाल तर पातं गरम होतं आणि माल वितळतो.

कधी थांबायचं, हे नीट बघा. बर्फाचे खडे मोडले की मिश्रण घट्ट, पांढरंफटक आणि बिनचमकीचं दिसतं, गाडीवरच्या सॉफ्टीसारखं. त्यावर चमक यायला लागली की समजा ते वितळायला लागलंय. चमक दिसण्याआधी थांबायचं. एखाद-दुसरा खडा राहिला तरी चालेल, दुसऱ्या वेळी जाईल. लगेच त्याच थंड ताटात परत, झाकण, फ्रीझर.

तासा-सव्वातासानं हेच पुन्हा एकदा. या वेळी दोन फेऱ्या पुरतात. दुसऱ्यांदा फिरवणं टाळू नका. पहिल्या वेळी खडे फक्त लहान होतात, दुसऱ्या वेळी ते इतके बारीक होतात की जिभेला लागत नाहीत, आणि मधल्या काळात हवाही मिसळली जाते. फळं घालायची तर याच वेळी. त्यानंतर चपट्या स्टीलच्या डब्यात भरा, वर बटर पेपर चिकटवून झाकण लावा आणि फ्रीझरच्या मागच्या बाजूला तीन-चार तास ठेवा. दाराजवळ ठेवू नका.

फ्रीझर जुना असेल आणि बर्फच धड धरत नसेल, तर जुन्या हातानं फिरवायच्या आइस्क्रीम पॉटची युक्ती वापरा. बर्फाची लादी फोडून परातीत पसरा, तीन भाग बर्फाला एक भाग खडे मीठ घाला. मिठामुळे बर्फ वितळताना तापमान शून्याच्या खाली, वीस अंशांपर्यंत उतरू शकतं. त्यात मिश्रणाचं स्टीलचं पातेलं रोवून उलथण्यानं काठ खरवडत राहा. हे फ्रीझरपेक्षा चांगलं जमतं, पण हात दुखतात आणि मिठाचं पाणी आत उडालं तर सगळं वाया. कारखान्यातला बर्फ खाण्यासाठी नसतो, आतल्या मालाला त्याचा थेंब लागू देऊ नका.

बाकीचे सल्ले थोडक्यात निकालात काढते. जीएमएस आणि सीएमसी, म्हणजे आइस्क्रीम मऊ राहावं म्हणून घालतात त्या पावडरी, आइस्क्रीमच्या दुधाला चालतात. जीएमएसला शिजवावं लागतं आणि दही शिजवलं की फाटतं. फेटलेलं क्रीम मिसळा म्हणतात, त्यानं मलईदार होतं खरं, पण दह्याचा आंबटपणा जातो आणि मग आइस्क्रीमच खा की. शिवाय या उन्हात क्रीम फुलतच नाही.

फळांचं एक पथ्य आहे: पाणचट फळं नकोत. टरबूज किंवा द्राक्षं घातली की त्यांचे बर्फाचे खडे होणार. रावेर-यावल-चोपड्याकडची केळी मात्र यासाठीच पिकतात असं म्हणावं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ठिपके पडून काळपट झालेलं केळं घरात तसंच पडून राहतं. तेच घ्या. पूर्ण पिकलेल्या केळ्यातला बराचसा स्टार्च साखरेत बदललेला असतो आणि गर पाणी धरून ठेवतो, त्यामुळे योगर्ट मऊ राहतं. कुस्करून लगेच दह्यात मिसळा, उघडं ठेवलं की काळं पडतं. केळं हे एकच फळ सुरुवातीलाच साखरेबरोबर घाला, दुसऱ्या फेरीची वाट पाहू नका. आंब्याचा रस घालायचा असेल तर तो कढईत निम्मा होईपर्यंत आटवून गार करा. सीताफळाचं उलट आहे, ते तापवू नका, तापवलं की कडू होतं. गर हातानं सोडवून तसाच घाला.

लाइट गेली तर घाबरायचं नाही, फक्त दार उघडून सारखं बघू नका. दोन तासांत आली तर बहुतेक काही होत नाही. कडा सैल झाल्या असतील तर गोठवून पुन्हा एकदा मिक्सरमधून काढा, खडे मोडतात. पण सगळं वितळून गरम होऊन तास-दोन तास तसंच पडलं असेल तर ते पुन्हा गोठवू नका.

वाढताना पुस्तकात सांगतात तसं दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवायचं नाही. मे महिन्यात चार-पाच मिनिटं भरपूर झाली. वाट्या आधी फ्रीझरमध्ये ठेवा, भाजलेले शेंगदाणे आणि थोडा मध वरून टाका. डबा आठवड्याभरात संपवा, पुढे पुन्हा खडे धरायला लागतात.