आधी कोपर मोजा, मग खुर्ची घ्या

दिवसभर संगणकावर बसणाऱ्याची मान-पाठ धरली की पहिला सल्ला ठरलेला: चांगली खुर्ची घे. दुसरा: पडद्याचा निळा प्रकाश अडवणारा चष्मा घे. सल्ला देणाऱ्याचं काय जातं? पैसे तुमचे. माझं काम मराठी मजकूर टाइप करायचा आणि तपासायचा, त्यामुळे दिवसाचे आठ-दहा तास पडद्यासमोर जातात. इतक्या वर्षांनंतर माझं मत पक्कं झालंय की दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा टेबलाच्या उंचीत असतं, आणि तिकडे कोणी बघतच नाही.

ही उंची जमवायला मलाही बराच वेळ लागला, म्हणून हा भाग नीट वाचा. बाजारातलं साधं टेबल जमिनीपासून सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असतं. जेवणाचं टेबलही साधारण तेवढंच. आता पाय जमिनीला पूर्ण टेकवून बसा, खांदे सैल सोडा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि घरातल्या कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायला सांगा. पाच फूट तीन-चार इंच उंचीच्या माणसाचं कोपर ६५ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे टेबल चांगलं चार-पाच बोटं वर! एवढं अंतर भरून काढायला तुम्ही नकळत खांदे उचलून धरता, तेही दिवसभर. संध्याकाळी मानेच्या दोन्ही बाजू दगड होतात त्या यामुळे. महागड्या खुर्चीने यातलं काही बदलत नाही. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडत असतील तर उलट तुम्ही आणखी लांब बसता आणि पुढे वाकता.

उपाय दोनच. टेबल स्वतःचं असेल तर सुताराला बोलवा आणि पाय कापून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त आधी मोजा आणि एक सेंटिमीटर जास्तच ठेवा, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. इथे गोव्यात, पर्वरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाचं टेबल वापरत असाल तर खुर्ची वर घ्या. वरखाली होणारी खुर्ची नसेल तर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घाला, थोडी उंची मिळते. उरलेल्यासाठी घट्ट उशी घ्या. मऊ नको, ती तासाभरात बसते आणि तुम्ही पुन्हा खाली येता.

खुर्ची वर गेली की पाय लोंबकळतात, आणि इथेच बहुतेकांचं फसतं. लोंबत्या पायांमुळे खुर्चीची कड मांडीखाली रुतते, पायांना मुंग्या येतात, मग माणूस पुढे सरकून कडेवर बसतो आणि पाठीचा आधार सुटतो. पायांखाली जुना लाकडी पाट घ्या, एकावर भागलं नाही तर दोन. देवपूजेचा पाट नव्हे, घरात वादळ होईल! चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, मात्र आणू नका. खडबडीत असतो, उंची जास्त होते आणि लाल भुकटी घरभर.

लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना चिकटलेले असल्याने एक बरोबर आलं की दुसरं चुकतं. वेगळा कळफलक आणि माऊस घ्याच. मग लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा घाला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर. चाळिशीनंतरचा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा, खाली जवळचा नंबर) असेल तर पडदा आणखी खाली घ्या, नाहीतर हनुवटी वर करून वाचाल आणि मान मागून धरेल. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणं फोटोपुरतं ठीक आहे. काम तिथे करू नये.

कळफलकाचे मागचे छोटे पाय उघडू नका, त्याने मनगट मागे मुडपतं. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कळफलक-मांडणीत ख, घ, छ, झ, थ, ध, भ सगळे शिफ्टवर आहेत. ही व्यंजनं उजव्या हाताला येतात, म्हणून शिफ्ट डाव्या करंगळीने दाबा. एकाच हाताची बोटं ताणून दोन्ही कळा दाबायची सवय लागली की करंगळीपासून कोपरापर्यंत ओढ लागते. करंगळी आधीच दुखत असेल तर विंडोजमध्ये स्टिकी कीज चालू करा, म्हणजे शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही, आधी शिफ्ट आणि मग अक्षर दाबलं तरी चालतं. शिफ्ट ओळीने पाच वेळा दाबली की ती चालू करायची का, अशी विचारणा येते.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा. खिडकीतून माड दिसत असेल तर तेवढा पुरे. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून मे महिन्यात घाम आला तरी पंखा थेट तोंडावर लावू नका. निळ्या प्रकाशाच्या चष्म्याने डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात दिसलं नाही. पैसे वाचवा.

अर्ध्या तासाने उठा. मोबाइलचा गजर आपण बंद करतो, त्यापेक्षा टेबलावर पाण्याची बाटली न ठेवता छोटा पेला ठेवा, उठावंच लागतं. दिवसभर उभं राहून काम करण्याचं फॅड मला पटत नाही, पाय सुजतात. चालणं वेगळं हवंच: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहे. पणजीत कांपालला चाला, मिरामारला चाला, पावसात गॅलरीत फेऱ्या मारा.

बधिरपणा आला तर मात्र घरगुती तेल-शेक करत महिने काढू नका. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, विशेषतः रात्री, तर बहुधा मनगटातली नस दाबली जातेय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर कोपराकडची नस. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवायची सवय असेल तर ती आजच सोडा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जाताना नेमकी कोणती बोटं, दिवसा की रात्री, हात झटकल्यावर बरं वाटतं का, हे कागदावर लिहून न्या. हातातून वस्तू पडायला लागल्या असतील तर ते सगळ्यांत आधी सांगा.