टँकमधलं तपकिरी शेवाळ आणि मी केलेला गाढवपणा

रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरलवाला मत्स्यटँक) नवीन लावलाय आणि वाळू तपकिरी व्हायला लागली म्हणून घाबरलेल्यांसाठी लिहितोय, मीपण असाच घाबरलो होतो. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर कोको पावडर भुरभुरवल्यासारखा थर आला, ते डायटम्स (सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ) होते. नव्या टँकमधलं सिलिकेट संपलं की बहुतेक वेळा आपोआप जातात, माझे पण गेले. घोळ तिथेच झाला, कारण "तपकिरी म्हणजे डायटम्स" हे डोक्यात पक्कं बसलं.

सातेक महिन्यांनी परत तपकिरी. म्हटलं खाणं जास्त होतंय, मग खाणं निम्मं केलं, जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) लावलं, भराभर पाणी बदललं, आणि नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य आल्यावर स्वतःवर जाम खूश झालो. शेवाळ मात्र वाढतच गेलं! शेंबडासारखे तंतू, टोकाला हवेचे बुडबुडे, संध्याकाळपर्यंत सगळं भरलेलं आणि सकाळी लाईट लागायच्या आधी बघितलं तर वाळू जवळजवळ स्वच्छ, आणि गोगलगायी उलट्या पडून मरायला लागल्या तेव्हा कुठे डोकं चाललं की हे डायनो आहेत. डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव. पाण्यातलं पोषण शून्य झालं की त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जीव उपाशी मरतात आणि यांना मैदान मोकळं मिळतं, म्हणजे मीच त्यांना पोसत होतो.

ओळखायची घरगुती टेस्ट सोपी आहे. थोडा चिकटा टँकच्याच पाण्यात जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि खाली आलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा, परत तंतू जमले तर बहुतेक डायनो. पण खरं सांगू, साधा ४०० पटीचा मायक्रोस्कोप घ्या. डायनोंच्या प्रकारांपैकी ऑस्ट्रिऑप्सिस बदामासारखा दिसतो आणि दोरीला बांधल्यासारखा जागच्या जागी गरगर फिरतो, तो रात्री पाण्यात मोकळा सुटतो म्हणून यूव्ही (पाण्यातले जीव अतिनील किरणांनी मारणारं यंत्र) उपयोगी पडतं. अँफिडिनियम वाळूतच राहतो, तिथे यूव्ही लावून फारसा फायदा नाही. हे आधी न बघता यूव्ही विकत घेणारे खूप असतात. आणि हो, ऑस्ट्रिऑप्सिस विषारी असू शकतो, साफ करताना हातमोजे घाला.

माझा ऑस्ट्रिऑप्सिस निघाला. जीएफओ काढलं, पाणी बदलणं थांबवलं, नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या आसपास राहील असं डोसिंग केलं, यूव्ही चोवीस तास चालू. दीड महिना लागला, मधे दोनदा टँक विकायचा विचार करून झाला.

ते गेल्यावर लाल थर आला, चादरीसारखा सोलून निघणारा. ते सायनो, शेवाळ नाहीच, बॅक्टेरिया आहेत. सायफनने ओढून काढलं, पॉवरहेडची (प्रवाह तयार करणाऱ्या पंपाची) दिशा बदलून पाणी न फिरणाऱ्या कोपऱ्यात फ्लो दिला, बास.

पोषण कमी करायचा सल्ला खरा लागू पडतो तो हिरव्या केसाळ शेवाळाला. तिथेपण टेस्ट किट शून्य दाखवतं आणि आपण फसतो, कारण फॉस्फेट शेवाळानेच खाऊन टाकलेलं असतं. आधी हाताने उपटा, मग टर्बो आणि ट्रोकस गोगलगायी सोडा, लांबलचक शेवाळाला त्या सहसा तोंड लावत नाहीत. टॉपअपच्या (उडून गेलेलं पाणी भरून काढायच्या) आरओडीआय म्हणजे गाळून शुद्ध केलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ० येतोय ना तेपण बघा. आणि केसाऐवजी बारीक पिसासारखी रचना दिसली तर ते ब्रायोप्सिस, त्याच्यावर गोगलगायी सोडून वेळ घालवू नका, लोक फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध वापरतात.

राहिली बबल अल्गी, हिरवे चकचकीत मणी. टँकमध्ये फोडू नका, रॉक बाहेर काढून बुडासकट खरवडा. एमराल्ड खेकडा खातो म्हणतात, माझा तर त्याकडे ढुंकून बघत नाही, कोरलला दिलेलं खाणं तेवढं पळवतो.