कॉइलमध्ये मूग लावणाऱ्यांसाठी, माझ्या तीन महिन्यांचा अनुभव

एम.एस्सी. बॉटनीच्या प्रोजेक्टला "मॅग्नेटिक फील्डचा बियांच्या वाढीवर परिणाम" हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतंच, कारण खर्च कमी, मूग किराणा दुकानात मिळतो आणि गाईड पटकन हो म्हणतात. मीही घेतला. जर्मिनेशन पेपर कसा लावायचा, व्हिगर इंडेक्स कसा काढायचा हे तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही.

कॉइल गरम होते. हे आधी डोक्यात पक्कं करा.

अंबडच्या एका मोटार रिवायंडिंगवाल्याकडून तांब्याच्या तारेची कॉइल, म्हणजे करंट सोडला की मॅग्नेटिक फील्ड देणारी गुंडाळी, बांधून आणली, मध्ये मुगाची डिश ठेवली, पॉवर सप्लाय दिवसरात्र चालू. कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी फील्डशिवाय ठेवलेली डिश शेजारच्या टेबलावर नुसती. जानेवारी महिना, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या रोज, आणि आमच्या लॅबच्या खिडकीची एक काच फुटलेली. तिसऱ्या दिवशी कॉइलमधल्या मुगाला बोटाच्या पेराएवढे मोड आणि कंट्रोलचे दाणे नुसते फुगून बसलेले. करंट वाढवला की मोड आणखी लांब! ग्राफ इतका छान चढत गेला की मला रात्री झोप येईना. गाईड म्हणाले पेपर होईल. सेटअप बघायला मात्र एकदाही आले नाहीत, आणि माझं मत आता ठाम झालंय की ज्यांनी तुमच्या सेटअपला हात लावला नाही त्यांच्या शाबासकीवर अजिबात जायचं नाही.

हात लावला तो लॅबच्या मामांनी. टेबल पुसताना दोन्ही डिश उचलल्या आणि म्हणाले, "ताई, ही कोमट लागतेय, ती गार पडलीये." थर्मामीटर ठेवला तर सहा डिग्रीचा फरक.

आता नीट समजून घ्या, कारण मी हे बारावीत शिकूनही विसरले होते. फील्ड करंटच्या प्रमाणात वाढतं, पण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट दुप्पट केला की फील्ड दुप्पट आणि उष्णता चौपट. मुगाला ऊब लागते, थंडीत आई मोड आणायला फडक्यात बांधून डबा गॅसच्या शेजारी ठेवते ते त्यासाठीच. म्हणजे माझा तो ग्राफ उबेचा होता. बंद कॉइल कंट्रोलला ठेवूनही भागत नाही, ती गारच राहते. फॅन लावला तर पेपर एका डिशमध्ये लवकर सुकतो, नवीन भानगड.

उपाय असा: दोन तारा जोडीने एकत्र गुंडाळून घ्यायच्या. दोन्हीतून करंट एकाच दिशेने सोडला की फील्ड मिळतं, एकीतला उलटा केला की दोघींचं फील्ड एकमेकांना जवळपास पूर्ण मारतं पण गरम तेवढीच होते. हीच तुमची खरी कंट्रोल. अशा दोन कॉइल बांधा आणि दर खेपेला त्यांची अदलाबदल करा. कायम चुंबक वापरत असाल तर त्याच मापाचा, चुंबक न केलेला तुकडा कंट्रोलला ठेवा.

हे केल्यावर माझा फरक जवळजवळ गेला. रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण घाबरू नका. २००७ मध्ये मार्गारेट अहमद आणि सहकाऱ्यांनी ५०० मायक्रोटेस्ला फील्डचा अ‍ॅराबिडॉप्सिसवर (प्रयोगांत नेहमी वापरतात ते छोटं रोप) निळ्या प्रकाशात परिणाम दिसल्याचं छापलं होतं, २००९ मध्ये हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तेच प्रयोग काटेकोरपणे परत केले तर परिणाम सापडला नाही, आणि तेही छापून आलं. "फरक आढळला नाही" हा रिझल्टच आहे, व्हायव्हात माझे मार्क त्यामुळे कापले गेले नाहीत. सीनियरचा डेटा थोडा इकडेतिकडे करून मात्र लावू नका, एक्सटर्नलने, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाने, तापमान विचारलं की जागीच अडकाल.

आणि फील्ड मोजा, अंदाजाने लिहू नका. फिजिक्सवाल्यांकडे गॉसमीटर असतो, गोड बोलून दोन दिवस मागून आणा. आपल्याकडे पृथ्वीचं स्वतःचं फील्डच ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, ते कंट्रोललाही मिळतंच. चुंबकापासून एखाद-दोन सेंटिमीटर सरकलात तरी आकडा धाडकन पडतो, म्हणून डिशच्या मध्यावर आणि काठावर, दोन्हीकडे घ्या.

रिवायंडिंगवाल्याला दोन्ही तारांची टोकं वेगवेगळ्या रंगाच्या टेपने बांधून द्यायला सांगा, त्याने माझी सगळी लालच बांधली होती आणि कुठलं टोक कुणाचं ते मल्टिमीटर लावून शोधण्यात अख्खा शनिवार गेला.