ट्रस्टच्या पैशातून झालेलं आरोग्य संशोधन सगळ्यांसाठी खुलं कसं ठेवायचं: चेक देण्याआधीची आणि नंतरची कामं

आमच्याकडं बीड, लातूर, धाराशिवकडं छोट्या ट्रस्ट आणि सीएसआरवाले (समाजकामाला पैसे देणाऱ्या कंपन्या) आता आरोग्यावरच्या अभ्यासाला पण पैसे द्यायलेत, कुणी दोन लाख, कुणी पाच. चांगलीच गोष्ट आहे, पण पैसे देऊन झाल्यावर गावाच्या हातात काय राहतं हे कुणी बघत नाही. मी एका छोट्या ट्रस्टचं काम बघतो. आमचा पहिलाच अभ्यास ऊसतोड बायांच्या अंगात रक्त किती कमी आहे त्याचा होता. सर्व्हे झाला, स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट आमच्या कपाटात आला, संशोधनाचा पेपर एका जर्नलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकात, छापून आला आणि तो वाचायला आम्हालाच डॉलरमध्ये पैसे मागितले. दोन वर्षांनी दुसरी टीम त्याच तांड्यांवर तेच प्रश्न घेऊन गेली. जुनी एक्सेल फाईल मागितली तर ज्यांच्याकडं होती त्यांनी नोकरी बदललेली आणि लॅपटॉप फॉरमॅट झालेला. एक बाई म्हणाली, "मागच्या बारीला बी रक्त नेलंय की, त्याचं काय झालं?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून आम्ही जे करायलोय ते सगळं इथं लिहितोय.

पहिलं काम: एक पानी धोरण

धोरण म्हटलं की लोकांना वाटतं वकील लागतो. नाही लागत. चार गोष्टी मराठीत लिहा: आमच्या पैशातून निघालेला पेपर कुणालाही फुकट वाचता आला पाहिजे, डेटा नाव-गाव काढून जमा झाला पाहिजे, अभ्यास सुरू व्हायच्या आधी त्याची नोंद झाली पाहिजे, आणि निकाल गावात जाऊन सांगितला पाहिजे. एवढंच. मोठे फंडर हे करतातच, इंग्लंडच्या वेलकम ट्रस्टनं २००५ पासूनच पेपर खुला ठेवायची अट घातलीय, आणि आपल्याकडं केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचं खुल्या पेपरांचं धोरण २०१४ चं आहे. आपण काही वेगळं मागत नाही.

लायसन्सचं नाव धोरणातच टाका. क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी बाय लायसन्स घ्या, म्हणजे मूळ काम करणाऱ्याचं नाव देऊन कुणीही वाचावं, छापावं, भाषांतर करावं.

अर्ज मागवताना

अर्जात "तुमचे पेपर कोणत्या मोठ्या जर्नलमध्ये आले" हा रकाना काढून टाका. त्याच्या जागी विचारा की मागच्या अभ्यासाचा डेटा कुठं ठेवलाय, निकाल उलटा आला तरी छापला का, गावात परत गेलात का. जर्नलच्या नावावरून माणसाचं काम मोजू नये हे संशोधन कसं मोजावं याबद्दलच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात पण सांगितलंय. प्रत्येकाचा ऑर्किड (ORCID) नंबर, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, घ्या, १६ अंकी असतो, फुकट मिळतो, माणूस कॉलेज बदलून गेला तरी त्याचं काम त्या नंबरावरून सापडतं.

बजेटमध्ये डेटा नीट करायचा खर्च वेगळा धरा. डेटा साफ करणाऱ्या पोराचा महिना-दीड महिन्याचा पगार धरला नाही तर ते काम होतच नाही, नुसत्या अटी घालून उपयोग नाही. पेपर छापायला जर्नल जी फी घेतं तिच्यासाठी मात्र आम्ही पैसे देत नाही. गेट्स फाउंडेशननं सुद्धा २०२५ पासून ही फी देणं बंद करून प्रीप्रिंट टाकायची अट घातलीय. प्रीप्रिंट म्हणजे जर्नलला पाठवायचा मसुदा आधीच सगळ्यांसाठी टाकणं, आरोग्यासाठी २०१९ पासून मेडआर्काइव्ह आहे, पैसे लागत नाहीत. फक्त त्यावर अजून तज्ञांची तपासणी झालेली नसते, त्यामुळं वर्तमानपत्रवाल्यांना बातमी देताना हे आवर्जून सांगा.

सुरू व्हायच्या आधी नोंद

औषध, गोळी, आहार, कुठलाही उपचार तपासायचा असेल तर सीटीआरआयवर म्हणजे आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीवर (उपचार तपासणाऱ्या अभ्यासांच्या नोंदवहीवर) पहिला माणूस घ्यायच्या आधी नोंद पाहिजे. ती २००७ पासून आहे आणि फी नाही. आम्ही नोंदणीचा नंबर आणि एथिक्स कमिटीचं (अभ्यासात माणसांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीचं) पत्र हातात आल्याशिवाय पहिला हप्ता सोडत नाही. नोंद असली की निकाल मनासारखा आला नाही म्हणून गुपचूप दाबता येत नाही.

संमतीपत्र आणि नाव-गाव काढणं, इथं घाई नको

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण चूक झाली तर ती एखाद्या बाईच्या घरापर्यंत जाते.

आकडे लोकांसमोर येणं किती गरजेचं आहे ते आपण बघितलंय. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांची गर्भपिशवी काढण्याचा प्रश्न उठला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडा नसता तर ती नुसती कुजबुज राहिली असती. पण हीच माहिती एकेका बाईच्या ओळीसकट उघडी टाकली असती तर? समजा फाईलमध्ये नाव नाही, पण तांडा आहे, वय ३१ आहे, तीन पोरी आहेत, पिशवी २६ व्या वर्षी काढलीय. तांड्यावरचं शेंबडं पोरगं सुद्धा सांगेल ही कोण.

म्हणून आम्ही असं करतो. नाव, फोन, आधार, जीपीएस, फोटो सगळं काढायचं. गाव-तांड्याच्या जागी फक्त तालुका. वय पाच-पाच वर्षांच्या गटात. तारखेच्या जागी नुसतं वर्ष. मग फाईल लावून बघायची, तालुका, वयोगट, जात आणि आजार एकत्र धरल्यावर एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं उरत असतील तर गट अजून मोठा करायचा नाहीतर तो रकानाच काढायचा. नाव आणि नंबर जोडणारी यादी वेगळ्या ठिकाणी पासवर्ड लावून ठेवायची. एचआयव्ही, गर्भपात, मारहाण असले विषय असतील तर फाईल उघडी टाकूच नका, फक्त अशी फाईल आहे एवढी माहिती उघडी ठेवा आणि मागणाऱ्यानं कारण लिहून दिल्यावर एथिक्स कमिटीनं ठरवावं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याच्याकडं पण लक्ष असू द्या.

संमतीपत्रात मराठीत, आणि तांड्यावर असाल तर गोरमाटीत (बंजारा बोलीत) वाचून दाखवून, वेगळा प्रश्न पाहिजे: "तुमचं नाव-गाव काढून ही माहिती दुसऱ्या अभ्यास करणाऱ्यांना दिली तर चालेल का?" नाही म्हणाली तरी तिला अभ्यासातून काढायचं नाही, फक्त तिची ओळ बाहेर जाऊ द्यायची नाही. ही परवानगी आधीच घ्या, नंतर प्रत्येकीला शोधत फिरणं शक्य नसतं.

डेटा जमा करणं

झेनोडो नावाची जागा आहे, युरोपातली सर्न ही संस्था चालवते, २०१३ पासून आहे, फुकट आहे, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत फाईल बसते आणि प्रत्येक नोंदीला कायमचा डीओआय नंबर मिळतो, त्यावरून ती कधीही सापडते. फाईल सीएसव्हीमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणारा साधा तक्ता) टाका. सोबत एक पान जोडा, कुठला रकाना म्हणजे काय. हे पान नसेल तर डेटा कचरा आहे. एचबी (हिमोग्लोबिन) हातानं रंग जुळवायच्या साहली पद्धतीनं मोजलं का मशीनवर, रक्त कमी कुणाला धरलं, गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली आणि गरोदर बाईला ११ च्या खाली (२०२४ पासून मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या खाली) हेच डब्ल्यूएचओचे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे, आकडे धरले का, सगळं लिहा. आमच्या एका फाईलमध्ये "माहीत नाही" साठी ९९ टाकलेलं आणि कुठंच लिहिलेलं नव्हतं, सरासरी वय काढलं तर भलतंच आलं.

हप्ते

शेवटचा हप्ता डेटाचा डीओआय आणि पेपर किंवा प्रीप्रिंटची लिंक आल्यावरच सोडायचा. पण तो १० टक्क्यांच्या वर ठेवू नका आणि त्यात कुणाचा पगार अडकवू नका. छोट्या संस्थेचा फील्डवरचा माणूस दोन महिने बिनपगारी राहिला तर तो परत येत नाही. ट्रस्टनं स्वतःपण उघडं राहावं, कुणाला किती पैसे दिले आणि कशासाठी, ही यादी दरवर्षी वेबसाईटवर टाका.

गावात परत जाणं

तारीख करारातच टाका, आणि कारखान्याचा पट्टा, म्हणजे ऊस गाळायचा हंगाम, बघून टाका. ऊसतोडीची माणसं दिवाळीच्या आसपास जातात आणि गुढीपाडव्याच्या पुढं-मागं परत येतात, जानेवारीत निकाल सांगायला गेलात तर तांड्यावर म्हातारी माणसं आणि लेकरंच भेटतील. एका पानाचा मराठी सारांश करा, मोठ्या अक्षरात, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, आशाताईंना आधी समजावून सांगा, कारण नंतर लोक त्यांनाच विचारतात. खाली ट्रस्टचा फोन नंबर टाका आणि फोन कोण उचलणार ते ठरवून ठेवा.

बायांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माझं किती होतं?" नाव काढलेल्या फाईलमधून ते सांगता येत नाही. म्हणून आमच्या करारात आता एक ओळ आहे की रक्त तपासलं की लगेच त्याच ठिकाणी प्रत्येकीच्या हातात तिचा आकडा लिहिलेली चिठ्ठी द्यायची, आणि एचबी ७ च्या खाली असेल तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात पोचवायची गाडी टीमनं करायची, भाडं ट्रस्ट देईल.